मेणकापडाचा खिसा

"तडकलेली आहेत का?" मी विचारलं.

अंडीवाल्याने मान वर केली नाही. "ताई, लोक चांगली अंडी निवडून घेतात. तुम्ही एकट्याच अशा, रोज येऊन फुटकी मागता."

"फुटकी नाही, तडकलेली. फुटकी तू मला काल दिलीस. अर्धी पिशवीतच सांडली. ती पिशवी धुताना माझी कंबर गेली."

"मग घ्या की चांगली."

"घेते हं. तुझ्या दुकानासमोर मला आधी एक पैशाचं झाड लावून दे."

तो हसला आणि कोपऱ्यातला ट्रे पुढे सरकवला. तडा गेलेलं अंडं निम्म्या भावात मिळतं, आणि कढईत फोडल्यावर ते कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. हा शोध मी लावला. तीन महिन्यांत असे बरेच शोध लावलेत, पण कौतुक करायला आहे कोण?

माझा नवरा बेकरीत भट्टीवर आहे. बत्तीस वर्षं एकच भट्टी आणि एकच मालक. पगाराव्यतिरिक्त रोज दोन मोठे पाव घरी मिळतात. आमचा संसार त्या पावांवर झाला म्हटलं तरी चालेल. लेक लहान होती तेव्हा सकाळी पाव, दुपारी पाव, आणि रात्री कालवणात बुडवून पाव. मी घरी शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते. त्यात भाजी निघते. पाव फुकट, म्हणून निभावलं.

तर ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डावा आधीपासूनच अधू. भट्टीतून ट्रे काढताना दोनदा हात भाजून घेतला, तेव्हा मालक म्हणाले, "दोन-तीन महिन्यांत डोळा करून घे. नाहीतर भट्टी दुसऱ्याला देतो, तू पॅकिंगला बस." बत्तीस वर्षं भट्टीवर उभा राहिलेला माणूस पिशव्यांना चिकटपट्टी लावत बसणार! हे दोन दिवस जेवले नाहीत.

सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला खमकी. रक्ताचा कागद बघून म्हणाली, "साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी खाली आणा. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पाव, भात, बटाटा, साखर बंद."

"मग खायचं काय?" मी विचारलं.

"अंडी, मासे, चिकन, पालेभाज्या, चीज, बदाम. लो-कार्ब म्हणतात."

म्हणायला काय जातंय! पाव आमच्याकडे चालत येतो, आणि बदाम दुकानात काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. लेकीला फोन केला. ती परगावी असते. तिने मोबाइलवर लांबलचक यादी पाठवली. बदामाचं पीठ, ऑलिव्ह तेल, एव्होकॅडो.

"हे शेवटचं काय आहे गं? फळ की रोग?"

"फळ आहे आई. पौष्टिक असतं."

मोठ्या दुकानात जाऊन बदामाच्या पिठाचं पाकीट हातात घेतलं, उलटं करून किंमत वाचली, आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं जागेवर ठेवून दिलं. एव्होकॅडोला तर मी हातही लावला नाही. म्हटलं, बोटाचा ठसा उमटला तर विकत घ्यायला लावतील.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. भाजीवाली फ्लॉवरची पानं आणि दांडे तोडून टोपलीत टाकते. ते मागायला लागले. तिने विचारलं, "काकू, बकरी पाळलीत का?"

"पाळलीय. दोन पायांची आहे. सकाळी बेकरीत जाते."

पानांची भाजी केली, दांडे किसून परतले. मासळीवाल्याकडे मोठ्या माशांची डोकी स्वस्तात मिळतात, ती आणून रस्सा केला. सोयाबीन भिजवलं, शेंगदाणे उकडले, तडकलेली अंडी तर रोजचीच. बाजार उठायच्या वेळेला गेलं की पालकाच्या दोन जुड्या एकीच्या भावात मिळतात, पण त्या निवडताना निम्मा पाला जातो आणि मी रडकुंडीला येते. भातासारखा दिसावा म्हणून फ्लॉवर किसला. हाताची सालं निघाली.

ह्यांनी घास घेतला. "हे काय आहे?"

"भात समजा."

"मी समजतोय गं. जीभ समजत नाही."

"मग जिभेला दवाखान्यात न्या!" मी ओरडले. पण खाल्लं त्यांनी. कधी ताट मागे सारलं नाही, हे सांगायलाच हवं. घरी येणारे दोन पाव मी शेजारणीला द्यायला लागले. खरं सांगायचं तर दीडच द्यायची. अर्धा मी हे यायच्या आत स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खायची आणि तोंड धुऊन टाकायची. दोघांसाठी अंडी परवडत नव्हती.

महिन्याने तपासलं, तर साखर थोडी वाढलेली. म्हटलं, चुकलं असेल काहीतरी. आणखी महिन्याने तपासलं तर त्याहून जास्त!

डॉक्टरीणबाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू, घरात नक्की काय चाललंय? तुम्ही पथ्य पाळता म्हणता. हा कागद काही तसं म्हणत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने मी कचऱ्यातली पानं गोळा करते, बाजारभर फिरून चपलेचा तळ झिजवते, आणि ही पोरगी मला खोटं पाडते! आणि पाडू दे, पण ह्यांनी तरी काही बोलावं? हे भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखे बसले होते. तक्ता ह्यांना दिसत नाही, हे मला ठाऊक होतं.

"तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी," ती म्हणाली. "खाली आली तर लगेच तारीख देते. नाही आली तर नाव यादीत शेवटी जाईल. मग सहा महिने तरी विसरा."

सहा महिने म्हणजे भट्टी गेलीच. रस्त्याने मी एकसारखी बोलत होते. "चोरून काय खाता? बिस्कीट? केक? चहात साखर घालता?"

"तुझी शपथ. तू देतेस तेवढंच खातो."

"माझी शपथ घेऊ नका. तुमच्यापायी मी आधीच अर्धी मेलेय."

दोन दिवसांनी हे डबा घरी विसरले. अंड्याचा डबा, तोही इतक्या उपद्व्यापाने मिळवलेल्या अंड्यांचा! तणतणत बेकरीत गेले. मागच्या दाराशी पोचले तर भट्टीचं तोंड उघडं होतं. ह्यांनी लांब दांड्याने ट्रे बाहेर ओढला. त्यातला एक पाव उचलला, मधोमध मोडला, आतला लुसलुशीत तुकडा तोंडात टाकला, चावला आणि मान हलवली. ट्रे पुढे गेला. दुसरा ट्रे आला. पुन्हा मोडला, पुन्हा तोंडात. तिसऱ्याची चव पटली नसावी, दोन तुकडे खाल्ले. मी दारात उभी राहून आठ ट्रे मोजले. माझ्या हातात अंड्याचा डबा होता, मला तो त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

"अहो!"

दचकले. तोंडात घास होताच. माझ्यासमोर गिळला.

"हे काय खाताय?"

ह्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "हे कुठे खाणं आहे? हे काम आहे."

"काम? मग पोटात कुठे जातं? बेकरीच्या खात्यात जमा होतं का?"

"अगं, भाजला की नाही ते बघायला नको? डॉक्टरने विचारलं काय खाता. मी जेवण सांगितलं. काम कोण सांगतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने! दोन महिने हा माणूस घरी मुकाट्याने दांडे चघळत होता आणि इकडे सकाळपासून पाव रिचवत होता, आणि ह्याच्या मनात पापसुद्धा नव्हतं.

मग मला आठवलं. लग्न नवीन होतं तेव्हा मी इथे यायची. तेव्हा हे पाव मोडत नसत. वरच्या रंगाकडे नुसतं बघायचे आणि म्हणायचे, झाला. सगळी बेकरी ह्यांच्या त्या नजरेचं नाव काढायची.

"पूर्वी तर तुम्ही नुसते बघायचात."

ह्यांनी दांडा भिंतीला टेकवला. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "रंग दिसत नाही गं आता. सगळं करडं दिसतं. मालकांना सांगू नकोस."

म्हणजे डोळा गेला म्हणून चव बघायची, चव बघितली म्हणून साखर चढायची, आणि साखर चढली म्हणून डोळा करायचा नाही. ह्या चक्राला काय म्हणावं! मला इतका राग आला की रडूच फुटलं. मी पदराने, डब्याच्या फडक्याने, मिळेल त्याने डोळे पुसले.

"चावा आणि थुंकून टाका," मी म्हटलं. "गिळायचं नाही."

"पाव थुंकू?"

"हो."

"इथे? सगळ्यांसमोर? मीच ह्यांना शिकवलंय, जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा उचलून घ्यायचा."

"मग बसा पॅकिंगला," मी म्हटलं आणि डबा ठेवून निघाले. वाटेत वाटलं, फार लागट बोलले. पण परत कोण जाणार?

दोन आठवडे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शेवटी न राहवून पॅकिंगवाल्या बाईंना गाठलं. त्या आमच्याच गल्लीत राहतात. म्हटलं, "भट्टीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात चावलेला पाव असतो का हो?"

"छे! डबा तर स्वच्छ असतो. तुमचे मिस्टर तिकडे काही टाकतच नाहीत."

झालं! म्हणजे गिळतायत. तपासणीला पाच दिवस उरलेले, आणि हा गृहस्थ लाजेपायी डोळा घालवतोय! हे दुपारी घरी आले, आंघोळीला गेले. मी खुंटीवरची पँट ओढली. म्हटलं, खिशात बिस्किटाचा चुरा सापडू दे, आज सोडत नाही.

उजवा खिसा ओला होता.

आत पाव गुंडाळायच्या कागदाच्या पुड्या होत्या. लहान लहान, चारी बाजूंनी व्यवस्थित दुमडलेल्या, औषधाच्या पुड्या असतात तशा. एक उघडली. चावलेला पाव. दुसरी उघडली, त्यातही तेच. एकूण अठरा. खिशाचं अस्तर ओलाव्याने पार विरलं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.

हे टॉवेल लावून बाहेर आले आणि जागीच थांबले.

"रोज येताना नदीच्या कठड्यावर पाखरांना टाकतो," ते म्हणाले. "आज गर्दी होती, राहिलं." मग म्हणाले, "डब्यात नाही टाकवत गं. खूप प्रयत्न केला."

बोलायला मी चांगली अर्धा तास पुरेल एवढी तयारी केली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"अस्तर कुजलंय!" मी ओरडले. "बायको उभा जन्म लोकांचे खिसे शिवते, आणि हा माणूस फाटका खिसा घेऊन हिंडतो! तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

माळ्यावरून लेकीचा शाळेतला रेनकोट काढला. चांगलं जाड मेणकापड, वर पिवळी बदकं. तो कापून दोन्ही कामाच्या पँटींना आतून नवा खिसा लावला, दुहेरी शिवण घातली. हे समोर बसून बघत होते. कितपत दिसत होतं देव जाणे.

"बदकं आहेत का गं ती?"

"आहेत. आत आहेत, कुणाला दिसणार नाहीत."

पाच दिवसांनी डॉक्टरीणबाईने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "आता कसं! काय बदललंत?"

"काम," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही, पण तिने पुढच्याच आठवड्याची तारीख लिहून दिली. त्या संध्याकाळी मी अंडीवाल्याकडून सहा चांगली अंडी घेतली. त्याने विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

ऑपरेशनच्या दिवशी हे बेकरीतून परस्पर आले, भट्टी लावून. नर्स म्हणाली, "काका, खिसे रिकामे करा आणि हा झगा घाला."

ह्यांनी उजवा खिसा ओढून बाहेर काढला. बदकं बघून नर्सला हसू आवरेना. "अहो काका, हे काय?"

"कामाची पँट आहे," हे म्हणाले, ताठ उभे राहून. मग आडोशाला झगा घातला, पँटीची इस्त्री धरून नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि नर्सचा हात धरून आत गेले.

मी बाहेर बाकावर बसले. करायला काही नव्हतं, म्हणून सवयीने खिशाची शिवण तपासली. कोपऱ्यात एक वाळलेला तुकडा अडकला होता, करंगळीच्या नखाएवढा. कचऱ्याचा डबा माझ्या पायाशीच होता. मी तो तुकडा काढला, पुन्हा खिशात ठेवला, आणि पँट मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसले.