नऊ वर्षांपूर्वीचा मे

ग्रिसेल्डानं गुणपत्रक खिडकीखालच्या फटीतून परत आत सरकवलं.

"यावर पदवी मिळाल्याचं कुठंच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "शाळेला तेच हवंय. आज पाचच्या आत."

खिडकीमागच्या लंडीसाहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. कॉलेजच्या नोंदी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अर्ज केला होता?"

"कसला अर्ज? परीक्षा दिल्या ना सगळ्या!"

"पदवीसाठी वेगळा अर्ज लागतो, बाई. मागितल्याशिवाय इथं कुणी पदवी देत नाही. निम्मे लोक इथंच फसतात."

मागे उभा असलेला तिचा नवरा रोहेलियो हसला. "मानसशास्त्र शिकली, पण कॉलेजच्या मनातलं काही कळलं नाही बाईसाहेबांना."

"तू गप्प बस हं," ग्रिसेल्डा मागे न बघता म्हणाली.

हे टोमणे तिला नवे नव्हते. कम्युनिटी कॉलेजातल्या दोन वर्षांच्या मानसशास्त्राची बाजारातली किंमत रोहेलियोनं घरात कधीच जाहीर करून टाकली होती: शून्य. ताटातल्या टॉर्टिया-पोळ्यांना त्यांचं दुःख विचारणार का, असं तो जेवताना विचारायचा. ती अकरा वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये पोरांच्या ताटात बीन्स वाढत होती. आता त्याच शाळेत, वर्गात सहज न रमणाऱ्या मुलांसाठी मदतनिसाची जागा निघाली होती. तासाला चार डॉलर पस्तीस सेंट जास्त. अट एकच, पदवी. तिचा संख्याशास्त्राचा एक विषय राहिला होता. तो तिनं या हिवाळ्यात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून रडतकढत पुरा केला आणि बी श्रेणी मिळवली. आता एका अर्जापायी ती हात हलवत परत जाणार नव्हती.

"मग द्या अर्ज. आत्ता भरते."

"डिसेंबरात मंजूर होईल."

"शाळेला सगळं पुरं केल्याचं पत्रही चालतं. मी विचारून आलेय. पत्र तर तुम्ही आज देऊ शकता ना?"

लंडीसाहेबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि तिची जुनी फाइल संगणकावर उघडली. बराच वेळ ते वरखाली बघत राहिले.

"हे संख्याशास्त्र तुम्ही कशाला केलंत?"

"राहिलं होतं म्हणून."

"राहिलं नव्हतं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तुम्ही आलात त्या वर्षीच्या नियमांत बीजगणित पुरत होतं, आणि ते तुम्ही केलेलं आहे. संख्याशास्त्राची अट नंतरच्या वर्षांची. तुमचं सगळं नऊ वर्षांपूर्वीच्या मेमध्येच पुरं झालं होतं. फक्त अर्ज नव्हता."

रोहेलियोचं हसू मावळलं. तो बोटांवर हिशेब करू लागला. "चार पस्तीस, दिवसाचे सहा तास, नऊ वर्षं... अगं, चाळीस हजारांच्या वर जातात! चाळीस हजार डॉलर, ग्रिसेल्डा!"

तिनं ते ऐकलंच नाही. ती पडद्यावरच्या त्या मे महिन्याकडे बघत होती.

त्या वर्षी एप्रिलात आईला पक्षाघात झाला. ग्रिसेल्डानं ते सत्र कसंबसं संपवलं आणि पुढं कॉलेजात पाऊल ठेवलं नाही. पीच फळांच्या पॅकिंगमध्ये तीस वर्षं घालवलेली तिची आई अंथरुणावरून येईल त्याला सांगायची, माझ्यापायी पोरीचं शिक्षण बुडालं. नाही गं, पुढं करीन, असं ग्रिसेल्डा म्हणायची. पण आईचा नुसत्या शब्दांवर कधीच विश्वास नव्हता. इंग्रजीचं अक्षर वाचता येत नसलं तरी ग्रिसेल्डा शाळेत असल्यापासून तिचं एकच म्हणणं, कागद दाखव. नोव्हेंबरात ती गेली, ते ओझं छातीवर घेऊनच.

"दोन रस्ते आहेत," लंडीसाहेब म्हणाले. "नव्या नियमांनी धरलं तर पदवी यंदाची. जुन्या नियमांनी धरलं तर नऊ वर्षांपूर्वीची. पगारात काडीचा फरक पडणार नाही. कुठली तारीख टाकू?"

"यंदाची टाका," रोहेलियो म्हणाला. "किती मेहनत घेतलीय हिनं या हिवाळ्यात! मी पाहिलंय." आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या अभ्यासाची बाजू घेत होता.

ग्रिसेल्डानं मान हलवली. "जुनी टाका."

"मग संख्याशास्त्र फुकट जाईल, बाई."

"जाऊ दे."

लंडीसाहेबांनी पत्र छापलं, सही केली, शिक्का मारला. "आणखी प्रत हवी? दहा डॉलर पडतील."

"हवी."

"शाळेला तर एकच लागेल," रोहेलियो म्हणाला. तो क्षणभर पत्रावरची तारीख वाचत उभा राहिला, मग त्यानंच पाकीट काढलं आणि दहाची नोट फटीतून आत सरकवली.

बाहेर ट्रकमध्ये बसेपर्यंत सव्वाचार झाले होते.

"आधी शाळा," तो किल्ली फिरवत म्हणाला. "मग आईच्या कबरीवर. वाटेत फुलं घ्यायची?"

"नकोत," ग्रिसेल्डा म्हणाली. दोन्ही पत्रं तिनं मांडीवर सरळ धरली होती. "तिनं फुलं कुठं मागितली होती?"