गारठा

कडुनिंबाच्या ओल्या फांद्या.

तळ्याकाठचा खारा दगड, पेजेत घालायला कुटलेला.

मातीचा पलंग, त्याच्या पोटात निखारे.

भिंतीशी रचलेल्या उशा, कारण लंतानाला आडवं झोपता येत नव्हतं.

उकळतं पाणी. तबावाचा हात.

झारिया शहराजवळच्या त्या गावात बाळंतिणींना तबावाच न्हाऊ घाली. कढत पाण्यात फांद्या बुडवून पाठीवर सपासप मारायच्या. पोरी किंचाळत, बाहेर बायका हसत.

लंताना बाळंतपणाला माहेरी आली होती, पहिलटकरीण. बाळ झालं. मग तिचे पाय सुजले, मग तोंड. तिची आई डेलू म्हणाली, "गारठा शिरलाय गं हिच्या अंगात."

"माझ्या हाताखाली राहतोय होय गारठा?" तबावाने निखारे वाढवले. डेलूने पेजेत खार वाढवला. सूजही वाढली.

बाळाला लस टोचायला नर्स हिंदे आली, तिने लंतानाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"हा गारठा नाही. हिचं हृदय थकलंय. तो खार बंद करा, शेक बंद करा. आत्ताच्या आत्ता झारियाच्या दवाखान्यात न्या."

डेलू घाबरली. गाडी आणायला माणूस धाडला. हिंदे पुढच्या घरी गेली.

"तबावा, वाटेत वारा लागेल गं पोरीला."

"मग गाडी येईतो घालते की आंघोळ. पाणी तर उकळलंय."

"मावशी," लंताना धापा टाकत म्हणाली, "आज नको."

"एवढी एकच. नवऱ्याशी भांडताना बरा दम असतो तुला!"

लंताना कसंनुसं हसली आणि उठली.

गाडी दाराशी आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती. अंगातून वाफ निघत होती. श्वास नव्हता.

कुणी तबावाला बोल लावला नाही. डेलूच तिचे हात धरून म्हणाली, "शेवटपर्यंत ऊब दिलीस माझ्या लेकीला."

तेव्हापासून पाण्याला उकळी फुटली की तबावाला धाप ऐकू येते. भांडं उतरवलं तरी ती थांबत नाही.

तरी बोलावणं येतं आणि ती जाते. सगळ्यांना बाहेर काढते, कढत पाण्यात गार पाणी ओतते. पलंगाखालचे निखारे राखेने झाकते. पोरीच्या नडगीवर अंगठा दाबून बघत राहते. मग ओल्या फांद्या भिंतीवर आपटते.

"ओरड."

"काय झालं, मावशी?"

"ओरड गं! आई ऐकतेय तुझी."

पोरगी तोंडावर हात धरून हसते, मग किंचाळते. बाहेरून डेलूच्या वयाची कुणीतरी म्हणते, "घाल अजून, तबावा!"

तबावा भिंतीला मारत राहते.

लंताना जन्मली त्या दिवशी तिला पहिली आंघोळ तबावानेच घातली होती.