न दुखणारं अवधाण

"काटा तं म्या सोता काहाडला तिच्या बोटातून, डाक्टरीनबाई. मंग अजून कायची गाठ?"

वाशिमच्या दवाखान्यात सोजरबाई टेबलाशी उभी राहून भांडत होती. तिची सून वर्षाराणी शेजारी काखेवर पदर घट्ट धरून बसली होती.

रिठद गावात अवधाणाच्या, म्हणजे जखमेपायी उठणाऱ्या गाठीच्या, बाबतीत सोजरबाईचा शब्द शेवटचा. जांघेत, काखेत गाठ आली की माणसं आधी तिच्या ओट्यावर यायची. ती गाठीवर वेळ घालवायची नाही. टाच, बोटांची पेरं, नखांच्या कडा चाचपत जायची आणि कुठंतरी लपलेला काटा नाहीतर चिघळलेला चिरा हुडकून काढायची. जखम धुऊन हळद भरली की चार दिवसांत गाठ उतरायची. चाळीस वर्षांत आपण चुकलो नाही, हे ती स्वतःच गावभर सांगायची.

सुनेच्या काखेत गाठ आली ती सोयाबीनच्या सोंगणीत. बोटात काटा सापडला आणि सासूबाई खूश झाल्या. बोट बरं झालं, गाठ राहिली. 'उतरंल, उतरंल' म्हणत सोजरबाईने तीन महिने घालवले.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी कागदावर वाटाण्याएवढा गोल काढला. "आजी, तुमचं म्हणणं चूक नाही. जखम झाली की तिथली खबर घेऊन पेशी या गाठीत येतात. गाठीतून रसायनं सुटतात, त्यांच्या मागावर पेशी नेमक्या जागी पोचतात."

"साखरंवर मुंग्या येतात तसं?"

"तसंच. मग काही दिवस त्यांचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. आत गर्दी होते, गाठ फुगते, दुखते. जखम भरली की रस्ता मोकळा." त्यांनी पेन त्या गोलावर टेकवलं. "पण त्याच मागावर कधी कॅन्सरच्या पेशीही आत शिरतात. तपासणीत दिसलं, हिच्या गाठीतल्या पेशी छातीतून आल्यात. ही गाठ दुखत होती का?"

सोजरबाईचा टेबलावरचा हात खाली आला. तिने गाठ दाबली तेव्हा वर्षाराणी म्हणाली होती, "नाही आत्याबाई, जराबी दुखत नाही." आणि तिने हसून उत्तर दिलं होतं, "मंग तं चांगलंच हाय."

अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले, अन्न गेलं, आणि पोळ्याच्या आठवड्यात वर्षाराणी गेली. मुलगा शालिग्राम आईला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर सोजरबाईने कुणाचा पाय हातात घेतला नाही. दिवाळीनंतर शेजारची कस्तुराबाई लंगडत ओट्यावर आली. जांघेत गाठ होती.

"मी पाह्यत नाही आता. दवाखान्यात जाय."

"जातो नं उद्या. जराक पाह्य तं."

सोजरबाईने नाइलाजाने दोन बोटं गाठीवर ठेवून दाबली. कस्तुराबाई कळवळली.

"अवं माय! लय दुखते वं!"

"खरंच दुखते?"

"खोटं कायले बोलू? जीव चालला माहा!"

"दुखते," सोजरबाई म्हणाली. "दुखते नं वं बाई, लय चांगलं झालं."

कस्तुराबाई तिच्याकडे बघतच राहिली. सोजरबाईने तिचा पाय मांडीवर घेतला आणि टाच चाचपायला लागली. काटा अगदी वरच होता. पण डोळ्यांतलं पाणी थांबेना, त्यामुळे तिला तो दिसत नव्हता.