उत्तर बरोबर, रीत चूक

भिंतीला कान असतात म्हणे. या घरात भिंती पातळ आणि तात्यांचे कान तिखट, त्यामुळे भिंतींना तो त्रास घ्यावा लागत नसे. गुरुवारी दुपारी तात्या खाटेवर आडवे झाले होते आणि पलीकडच्या खोलीत त्यांचा मुलगा फोनवर बोलत होता.

"हो, जुना कॉम्प्युटर आहे आमच्याकडे. नाही, नाही, चालतो अजून. पण फार सावकाश, मध्येच अडकून बसतो. मेमरी? नावाला आहे. आणि घरघर केवढी! शनिवारी गाडी पाठवता? बरं होईल, जागा तरी मोकळी होईल. तिथे निगा राखतात ना नीट? रोज पुसतात? वा!"

तात्या ताडकन उठून बसले. म्हणजे त्यांच्या वयाच्या मानानं ताडकन.

दुसरा एखादा म्हातारा असता तर कूस बदलून पुन्हा घोरू लागला असता. पण तात्या स्वतःच कॉम्प्युटर होते. थट्टा नव्हे, नोकरीत त्यांचा हुद्दाच तो होता. बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीची कोष्टकं जिथे तयार होत, त्या खोलीत आकडेमोड करणाऱ्या माणसांना तेव्हा कॉम्प्युटर म्हणत. यंत्राला ते नाव मागाहून मिळालं, तेही माणसांकडून उसनं घेतलेलं. बायको होती तोवर ती पाहुण्यांना सांगायची, "हे आमचे कॉम्प्युटर. भाजीवाला तेवढा यांना रोज फसवतो." आता घरात लॅपटॉप होते, फोन होते, पण कॉम्प्युटर म्हणावं असं या घरात एकच माणूस होतं.

त्यातही वर्मी लागलं ते 'चालतो' आणि 'अडकतो'. सख्ख्या बापाला 'चालतात' नाही, 'आहेत' नाही! ज्या पोराच्या तोंडून 'अहो तात्या'शिवाय कधी हाक निघाली नाही, तो पाठीमागे अरे-तुरे करतो? म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि बरंच मुरत होतं.

पण तात्या एका पुराव्यावर भरवसा ठेवणारे नव्हते. त्या कचेरीची रीतच तशी होती. प्रत्येक गणित दोघांनी सोडवायचं, खोलीच्या दोन टोकांना बसून, दोन वेगळ्या वाटांनी. पडताळा जुळला तरच आकडा छापायला जाई. आणि उत्तर बरोबर पण वाट चुकलेली निघाली, तर मोठे साहेब ते पान सरळ टराटरा फाडत. "उत्तर बरोबर, रीत चूक," ते म्हणत. "याला नशीब म्हणतात, हिशेब नाही."

तेव्हा तात्यांनी पडताळा घ्यायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी चहा नेहमीपेक्षा दाट होता. बिस्किटंही न मागता आली. सूनबाई एवढी साखर का पेरते आहे, या विचारानं तात्यांना ती बिस्किटं गोड लागेनात. दुपारी पाहिलं तर ती त्यांच्या स्वेटरच्या गळ्याला आतून लाल दोऱ्यानं खूण शिवत होती.

"हे कशाला गं?"

"अदलाबदल होऊ नये म्हणून, तात्या."

"या घरात माझा स्वेटर आणखी कोण घालतं?"

सूनबाईनं दातानं दोरा तोडला आणि दुसरा स्वेटर मांडीवर घेतला.

तात्या आपल्या खोलीत येऊन बसले. ही खोली म्हणजे घराचं मागचं टोक. आधी ते पुढच्या खोलीत झोपत, मग मधल्या, मग इथे. कचेरीतही असंच झालं होतं. साहेबांच्या टेबलावर जुनी मण्यांची चौकट असे. तिच्यावर कधी काळी खरोखर हिशेब होत, मग ती नुसती शोभेला उरली. लॉगची पुस्तकं आणि स्लाइड रूल कपाटात गेले, कारण दांडा फिरवायचं यंत्र आलं. तात्यांनी ते इतकं फिरवलं की त्यांचा उजवा खांदा अजून दुखतो. मग तेही जिन्याखाली गेलं, कारण खोलीएवढं मोठं यंत्र आलं. ते आलं त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "घाबरू नका, हे तुमच्याच सोयीसाठी आहे." हळूहळू एकेक खुर्ची रिकामी झाली. शेवटी उरलेले तात्या त्या यंत्राला भोकं पाडलेली कार्डं भरवत बसले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. 'सोय' हा शब्द ऐकला की तात्या तेव्हापासून फुंकर घालत.

त्यांना फार वाईट वाटलं, आणि रागही आला. पण वृद्धाश्रमात जायचंच, तर कुणी दंडाला धरून उठवण्यापेक्षा आपणच उठलेलं बरं. शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग भरून तात्या पुढच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले.

गाडी आली. एक गृहस्थ हातगाडी ढकलत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कॉम्प्युटर न्यायला आलोय."

"मीच," तात्या उभे राहत म्हणाले. "चला."

गृहस्थानं एकदा तात्यांकडे आणि एकदा हातगाडीकडे पाहिलं. तेवढ्यात मुलगा माळ्यावरून उतरला. त्याच्या हातात धुळीनं माखलेला, पिवळा पडलेला एक डबा होता. मुलगा कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर! तात्या तो साफ विसरले होते. गृहस्थ मोजणीच्या साधनांचं संग्रहालय चालवत होता. गारगोट्या, गाठी मारलेल्या दोऱ्या, मण्यांच्या चौकटी, सगळं त्याच्याकडे होतं. असला डबाच तेवढा नव्हता.

तात्या हसत सुटले. खोकला येईपर्यंत हसले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच! पोराला नाही नाही ते बोललो मनातल्या मनात. यंत्राला 'चालतो' नाही म्हणायचं तर काय 'चालतात' म्हणायचं?

गाडी गेली. तात्यांना आता ही गंमत दोघांना सांगायची होती. त्यांनी तोंड उघडलं, तोच मुलाचं लक्ष बॅगेकडे गेलं. तो हळूच समोर येऊन बसला.

"तात्या, तुम्हाला कळलं?"

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"कसं सांगावं तेच सुचत नव्हतं आम्हाला. एक तारखेला तुमची खोली मिळतेय तिथे. माणसं चांगली आहेत, डॉक्टर तिथेच असतात. तुमच्याच सोयीसाठी, तात्या." मुलाचे डोळे भरून आले होते, आणि आवाजात सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधानही होतं. "आणि तुम्ही आपणहून बॅग भरलीत. तुम्ही खरंच फार मोठे आहात."

सगळं कसं आदरानं. तुम्ही, भरलीत, आहात. एकही 'तो' नाही.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

"उत्तर बरोबर होतं," तात्या म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही नाही. माझी रीत चुकली."