सवाष्णीचं पान

आंघोळ झाल्यापासून तुळशीला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाईंनी दिलेलं व्रत आहे ते. कादंबरी मी त्या मौनातच लिहिते. त्यामुळे दिवसातला पहिला आवाज मला ऐकू यायचा तो सुभद्रेचा.

सुभद्रा म्हणजे माझ्या कादंबरीतली बाई. कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणारी, वयानं माझ्यापेक्षा मोठी, तोंडानं फटकळ. रोज सकाळी पदरानं तुळशीच्या पानांवरची राख पुसणारी. मी देवघराच्या उंबऱ्याशी कागद घेऊन बसले की सुरू व्हायची, "बाई, काल मले जिन्यातच उभं करून गेली ना तू? पाय दुखून राहिले माझे." मला हसू यायचं. मौन मोडू नये म्हणून मी पदर तोंडाला लावायची.

शेवटच्या प्रकरणात ती मरणार, हे पहिल्यापासून ठरलेलं. प्रकाशनातून दीक्षाचा फोन यायचा, "ताई, गेली का सुभद्रा?"

"उद्या," मी म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी तिला लोणचं घालायला लावायची, तिच्याकडे पाहुणे आणायची, नाहीतर जावेशी भांडण लावून द्यायची. तेवढाच एक दिवस.

असं करता करता पितृपक्षातली अविधवा नवमी आली. सासूबाई, पार्वतीबाई, सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांच्या नावानं दरवर्षी आमच्याकडे एक सवाष्ण जेवते. यंदा वरच्या मजल्यावरची मिनल आली. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. पानात खीर, वडे, कढी. मी हातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं.

"सुभद्रेच्या नावानं."

मिनलचा हात पानावरच थांबला. "काकू, सुभद्रा कोण?"

"अवं, आईचं नाव पार्वती!" हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "पुस्तकातल्या बाईले काहून जेवू घालून राहिली तू?"

मिनल हसली. "जाऊ द्या ना काका, दोघींच्या नावानं जेवते मी. खीर भारी झाली."

मी पुन्हा पाणी घेतलं, सासूबाईंचं नाव घेतलं. पण पहिलं पाणी ताम्हनात पडलेलंच होतं. जिवंत बाईचं पान मी वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी बसले. देवघरात समईच्या वातीचा तडतडण्याचा आवाज, बाकी काही नाही. मी लिहिलं, सुभद्रेनं पदर हातात घेतला. पदर नुसता लिहिलेला पदर राहिला. मग मनाचा धडा करून तिचं मरण लिहायला घेतलं. तेही होईना. जेवून उठून गेलेल्या माणसाला कुठून आणायचं मारायला?

असे बरेच दिवस गेले. माझं जेवण कमी झालं तसं यांच्या लक्षात आलं. एकदा मला हसवायला म्हणाले, "आमच्या गावी एक बापूजी होता. घरातून गेला, आलाच नाही. मेला समजून घरच्यांनी दिवस घातले, अन् बुवा एक दिवस दारात उभा! मग काय, मिशावाल्या माणसाचं बारसं केलं. कानात नवं नाव सांगितलं, तेव्हा कुठं घरात घेतला."

हे हसत होते. मी मात्र कानातल्या नव्या नावाशीच अडकले.

शुक्रवारी हे गांधीबागेच्या बाजारात गेले, तेव्हा मी सुपात तांदूळ पसरले. त्यावर नारळ ठेवला, त्याला सुभद्रेच्या आवडीच्या हिरव्या रंगाचा खण गुंडाळला. देवीला हात जोडले. मग वाकून नारळाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. रुखमा. नारळ कोमट लागला. समईजवळ होता, म्हणून असेल.

दुसऱ्या सकाळी ती आली.

तोच चेहरा, पदराला तीच राख. मी कागदावर सुभद्रा लिहिलं, तिनं वळूनही पाहिलं नाही. रुखमा लिहिलं, तशी वळली. माझ्याकडे पाहत राहिली, ओळख नसलेल्या डोळ्यांनी. टोमणा नाही, तक्रार नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, भूक लागली."

आता मी तिच्यासाठी वाटीत दूधभात कालवते. दीक्षाचा फोन वाजतो, मी उचलत नाही. मौन असतं. तुळशीला पाणी घातलं की मौन सुटतं, आणि मौन सुटलं की ती राहत नाही. पहिले काही दिवस मी पाणी घालायला दुपारपर्यंत थांबले. मग दिवेलागणीपर्यंत.

कालपासून पाण्याचा तांब्या भरलेला तसाच आहे. हे अंगणातून आले, चिडलेले.

"अवं, कुंडीतली माती पार तडकून राहिली. पानं मात्र रोज पुसते लख्ख, अन् पाणी घालाले विसरते काय?"

पानं मी पुसलेली नाहीत. पण ते सांगायला बोलावं लागलं असतं. मी मान खाली घातली आणि वाटी उंबऱ्याकडे सरकवली.