आकडा पुसलेला पावणेतीनशे

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका. ‘काय नमुना आहे!’ असं तुम्ही एकमेकांना म्हणता, त्यातला मी नव्हे. मी मापाचा नमुना. ज्या बायकांना शस्त्रक्रिया करून छातीला उभार आणायचा असतो, त्यांनी कोणतं माप आपल्या अंगाला शोभेल ते आधी घालून पाहावं, म्हणून दवाखान्यात आमचा संच ठेवलेला असतो. मी एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने सपाट, आत मऊसर जेल. माझ्या पाठीवर एके काळी दोनशे पंचाहत्तर असा आकडा छापलेला होता. मी पोकळ असतो तर तेवढे मिलिलिटर पाणी माझ्यात मावलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. दवाखान्यात मला पावणेतीनशे म्हणतात.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी फार जळतो. दुसऱ्याचं कौतुक मला बघवत नाही. माझा एक जोडीदारही आहे, कारण छाती म्हटली की दोन आलेच, पण तो शांत आहे, फारसा बोलत नाही. त्याच्या वाटणीचंही मीच जळतो.

ही खोड मला कारखान्यातच लागली. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी एकाच पिंपातलं जेल आम्हा सगळ्यांमध्ये भरलं होतं. म्हणजे आम्ही सख्खी भावंडंच. पुढे तपासणीत माझ्या आणि जोडीदाराच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा सापडला. झालं! बाकीची भावंडं दुहेरी पाकिटात, मऊ खोक्यात बंद झाली. ती कुणाच्या तरी अंगात राहायला जाणार होती, वर्षानुवर्षं. आम्हा दोघांना मात्र तपासणाऱ्या बाईने बाजूच्या पेटीत टाकलं आणि पेटीवर ‘नमुने’ असं लिहिलं. त्या दिवसापासून खोकं दिसलं की माझ्या पोटात दुखतं.

दवाखान्यात आमचा मुक्काम आरशाच्या खोलीत. खोली लहान, पण आरसा भिंतभर. एक स्टूल, एक पडदा, कपडे अडकवायला तीन खुंट्या. खिडकीखालच्या कपाटात आमचा ट्रे असतो, प्रत्येक जोडीला वेगळा खण. डॉक्टरबाई कमी बोलतात. आधी मोजपट्टीने छातीची रुंदी घेतात, मग कातडी चिमटीत धरून किती ताणते ते पाहतात, मग कागदावर दोन-तीन आकडे लिहितात. पुढचं काम नर्सबाईंचं. त्या एक ताणली जाणारी चोळी देतात, तिच्यात आम्हाला बसवतात आणि म्हणतात, “चला, जरा फिरून बघा.”

आमचं आयुष्य एवढंच, दहा मिनिटांचं. पण ती दहा मिनिटं कशी असतात म्हणून सांगू! आधी आम्ही गार असतो, बाई दचकते. मग तिच्या अंगाची ऊब आमच्यात उतरते. आणि डाव्या बाजूला बसलो तर तिचं काळीज ऐकू येतं. कुणाचं आनंदाने उडत असतं, कुणाचं भीतीने. तोंडाने बाई काहीही सांगो, मला खरं काय ते कळतं.

पण ही दहा मिनिटं माझ्या वाट्याला यायची किती? महिन्यातून दोनदा. बाकी सगळा मान साडेतीनशेचा. तो माझ्यापासून तीन खण सोडून बसायचा. बायका यायच्या त्या आकडा पाठ करूनच. कुणाच्या मैत्रिणीने साडेतीनशे घेतलेला, कुणी कुठेतरी वाचलेला. डॉक्टरबाईंच्या कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतं? पडद्याआड गेल्या की पहिली मागणी साडेतीनशेची. नर्सबाई त्याला धुऊन, पुसून, पावडर लावून ठेवायच्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तो रोज संध्याकाळी ट्रेमध्ये परत आला की असा काही तोरा मिरवायचा, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातल्या कितीजणींच्या अंगाला तो बसत नसे, बगलेकडे सरकत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण मला विचारतंय कोण?

त्यात एक दिवस नर्सबाईंच्या खिशातलं पेन गळलं आणि नेमकं आमच्या खणात. साबणाने शाई जाईना. मग त्यांनी पर्समधून नेलपॉलिश काढायचं पाणी काढलं आणि आम्हा दोघांना खसाखसा घासलं. शाई गेली, पण पाठीवरचा आकडाही गेला. नर्सबाईंनी जीभ चावली. खणाच्या जागेवरून त्या आम्हाला ओळखायच्या, म्हणून अडलं काहीच नाही, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, बिनआकड्याचा नमुना काय कामाचा, वर्ष संपताना नवीन जोडी मागवू. साडेतीनशे त्या दिवशी माझ्याकडे बघून हसला असणार. मला दिसलं नाही, पण मला खात्री आहे.

आणि मग ती आली, बेकरीवाली.

चाळिशीची, सडपातळ, अरुंद खांद्यांची बाई. मनगटावर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. दोन मुलं अंगावर पाजून झाल्यावर छाती पार ओसरली होती आणि गेली सहा वर्षं ती आरशासमोर कपडे बदलत नव्हती. नवरा म्हणाला होता, मला काही फरक पडत नाही, तुला हवं असेल तर कर. तिला हवं होतं. शस्त्रक्रियेची तारीखही पुढच्या आठवड्यातली ठरली होती. माप तेवढं आज ठरायचं होतं आणि एकदा आत गेल्यावर ते चोळीसारखं उसवून बदलता येत नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला दोनदा बजावलं होतं.

तिच्यासोबत तिची धाकटी बहीण होती. उंच, भरदार खांद्यांची, रोज पोहणारी. धाकटीने वर्षापूर्वीच शस्त्रक्रिया करून घेतली होती, साडेतीनशेची. घरातल्या सगळ्या बायकांनी तिला फिरवून फिरवून पाहिलं होतं आणि वाहवा केली होती. थोरली तेव्हा कोपऱ्यात केक कापत उभी होती. हे तिने नर्सबाईंना हसत हसत सांगितलं, पण हसणं कुठलं! जळणारा जळणाऱ्याला बरोबर ओळखतो.

डॉक्टरबाईंनी रुंदी मोजली. साडेअकरा सेंटिमीटर. कागदावर अडीचशे आणि पावणेतीनशे असे दोन आकडे लिहिले आणि म्हणाल्या, याहून रुंद घेतलात तर तो बगलेत जाईल, कातडी ताणेल आणि काही वर्षांनी ओघळेल. बेकरीवालीने मान डोलावली. पडद्याआड गेली आणि म्हणाली, साडेतीनशे द्या.

माझा जीव तुटला. पण पुढे भलतंच झालं. साडेतीनशेला चोळीत बसवून ती आरशासमोर उभी राहिली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, हा तर लहान आहे, याच्या वरचा द्या.

नर्सबाई बघतच राहिल्या. साडेतीनशे तिच्या बगलेत दोन बोटं घुसला होता आणि बाई म्हणते लहान! त्यांनी विचारलं, लहान कशावरून? तेव्हा तिने पिशवीतून दोन पायमोजे काढले. तांदूळ भरून गाठ मारलेले. घरी पंधरा दिवस ती हेच चोळीत घालून वावरत होती, म्हणजे सवय व्हावी. नीट साडेतीनशेचे आहेत, मी स्वतः मोजलेत, असं तिने ठणकावून सांगितलं.

“कशाने मोजलेत?” नर्सबाईंनी विचारलं.

“वजनकाट्यावर. साडेतीनशे ग्रॅम, एक दाणा कमी नाही की जास्त नाही.”

मित्रांनो, आयुष्यभर मैदा, साखर, लोणी सगळं काट्यावर तोलणारी बाई ती. तिच्या हाताला दुसरं माप माहीतच नव्हतं. नर्सबाईंनी एक पायमोजा सोडला आणि तांदूळ मापाच्या भांड्यात ओतले. तांदूळ साडेतीनशे मिलिलिटरच्या रेघेवर थांबले नाहीत. चारशेच्या वर गेले आणि सव्वाचारशे ओलांडून थांबले. दाण्यांमध्ये फटी राहतात, म्हणून भांडंभर तांदूळ भांडंभर पाण्यापेक्षा हलके; वजन तेवढंच ठेवायचं तर जागा जास्त घेणार. म्हणजे बाई पंधरा दिवस सव्वाचारशे घालून फिरत होत्या आणि त्यावर खूश होत्या.

पडद्याबाहेर धाकटी फसकन हसली. बेकरीवालीचा चेहरा पडला. ती स्टुलावर बसली आणि तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, “तुला हसायला काय जातंय? तुझं सगळं बरोबरच होतं. लहानपणापासून.”

मग पडदा बाजूला करून धाकटी आत आली, बहिणीपुढे जमिनीवरच बसली.

“ताई, साडेतीनशे माझा नाहीच आहे,” ती म्हणाली. “डॉक्टरबाईंनी मला तीनशे सांगितला होता. माझ्या मैत्रिणीने साडेतीनशे घेतला, म्हणून मी हटून बसले. आता पोहताना हात वर नेला की ओढ बसते. वर्ष झालं. सगळ्या इतकी वाहवा करत होत्या, सांगू कुणाला?”

मी ट्रेमधून हे ऐकलं आणि काय वाटलं सांगू? आधी आनंद झाला. साडेतीनशेची जिरली, म्हणून. मग धाकटीचा चेहरा दिसला आणि तो आनंद फार वेळ टिकला नाही. थोडा टिकला.

बेकरीवालीने धाकटीचा हात हातात घेतला. मग तिने डोळे पुसले आणि नर्सबाईंना म्हणाली, तुम्हीच द्या काहीतरी, मला आता आकड्याचं काही कळत नाही. नर्सबाईंचा हात ट्रेवरून फिरला आणि माझ्या खणाशी थांबला. मला उलटं करून त्यांनी माझी कोरी पाठ तिला दाखवली आणि म्हणाल्या, “याच्यावर आकडाच नाही. घालून बघा. विचारू नका.”

मी डावीकडे बसलो, जोडीदार उजवीकडे. तिने वरून बेकरीत घालायचा साधा ढगळ सदरा घातला. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आरशात नंतर बघा, आधी तुमचं रोजचं काम करून दाखवा. मग तिने हवेतच पावाचा ट्रे उचलला, वरच्या फळीवर सरकवला, भट्टीत वाकून पाहिलं, कणीक तिंबल्यासारखे दोन्ही हात पुढे दाबले. मी कुठे सरकलो नाही, बगलेत गेलो नाही, तिच्या हाताच्या आड आलो नाही. तिच्या छातीच्या रुंदीत मी अगदी मावून बसलो होतो. आणि तिचं काळीज, जे आल्यापासून धडधडत होतं, ते हळूहळू संथ झालं. दमलेलं माणूस घरी येऊन चप्पल काढतं ना, तसं.

मग ती आरशाकडे वळली. बाजूने पाहिलं. धाकटीकडे नाही पाहिलं.

“ही मीच आहे,” ती म्हणाली. “पूर्वीची.”

नर्सबाईंनी विचारलं, नक्की? मग आकडा सांगू? ती म्हणाली, कागदावर लिहा, मला नका सांगू. धाकटीने जाताना डॉक्टरबाईंकडून स्वतःसाठी तपासणीची वेळ मागून घेतली.

त्या संध्याकाळी मी ट्रेमध्ये परत आलो तो छाती काढून. साडेतीनशेकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाचा हेवा वाटत नव्हता. हे सुख बरोबर सहा दिवस टिकलं.

सातव्या दिवशी, तिच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी, दोन खोकी आली; मी डावीकडच्याचंच बघत राहिलो. मऊ, चकचकीत, आत दुहेरी पाकीट. पाठीवर ठसठशीत दोनशे पंचाहत्तर. ना बुडबुडा, ना ओरखडा. माझाच भाऊ, माझंच माप. नर्सबाई त्याला घेऊन शस्त्रक्रियेच्या खोलीत गेल्या आणि रिकामं खोकं तेवढं बाहेर आलं. मला तिने निवडलं आणि राहायला गेला तो! तिची भट्टीजवळची गाणी त्याने ऐकायची, मुलं गळ्यात पडली की त्याने दबायचं, तिच्या काळजाशेजारी त्याने झोपायचं. मी काय केलं होतं कमी? सांगा ना, मित्रांनो.

दोन महिन्यांनी ती तपासणीला आली. सदऱ्यावर मैद्याचा डाग, चालण्यात ऐट. आरशाच्या खोलीत कपडे बदलताना तिने पडदा ओढलाच नाही. कपाटाकडे वळली, ट्रेमध्ये शोधलं आणि मला बरोबर उचललं. तळहातावर तोललं, सवयच तशी. मग नर्सबाईंना हसून म्हणाली, याच्यावर आकडा असता ना, तर मी याला हातही लावला नसता. आणि मला तिने क्षणभर छातीशी धरलं. मध्ये सदरा होता, कातडी होती आणि तो होता. तरी मला ते काळीज ऐकू आलं. तितकंच संथ.

ते बोलणं डॉक्टरबाईंनी दारातून ऐकलं. माझ्या जागी नवीन जोडी मागवण्याचा बेत त्याच दिवशी रद्द झाला. उलट नर्सबाईंनी तेच नेलपॉलिशचं पाणी घेऊन सगळ्यांचे आकडे पुसून टाकले. आता कुठला कोण हे फक्त खणाखालच्या खुणांवरून त्यांना कळतं. पडद्याआडून साडेतीनशेची हाक येत नाही. जिच्या अंगाला तो बसतो, तिच्याकडेच तो जातो. पहिल्या आठवड्यात तो फार खट्टू होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, मी आता म्हातारा झालो आहे, कडेने पिवळा पडलो आहे. माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला कोमट पाण्याने हलक्या हातांनी धुवा आणि पेन खिशात ठेवताना टोपण लावा. अंगाला काही घालायचं असेल, मग ते कपडा असो की आमच्यासारखं काही, तर दुसरीचा आकडा मागत येऊ नका. हात वर करून बघा, वाकून बघा, आपलं रोजचं काम करून बघा आणि काळीज काय म्हणतं ते ऐका.

आणि कधी बेकरीत पाव आणायला गेलात आणि तिथे मनगटावर डाग असलेली, ताठ चालणारी बाई दिसली, तर तिच्या काळजाशेजारी बसलेल्या त्या नव्याला माझा एक निरोप सांगा. म्हणावं, बस बाबा सुखाने. पण तिला आधी मी ओळखलं होतं.