डावा काठ

जनार्दन आगाशे यांनी प्लायवूडचा फर्मा गाडीच्या नाकावर टेकवला आणि एक डोळा मिटून फटीतून पलीकडचा उजेड शोधला. उजेड नव्हता. फर्मा आणि फायबर यांच्यामध्ये केसही शिरला नसता.

"सेम," ते म्हणाले.

रय्यानने मोबाइलवर फोटो घेतला. वाळूत गाड्या पळवणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबचा हा ओमानी चिटणीस वडिलांच्या दुकानात, कच्छी आणि मल्याळी माणसांत वाढला होता. त्यामुळे त्याची हिंदी चालता चालता व्याकरण सांडत यायची.

"नाक सेम, पीठ सेम. सुफियान, तुम क्या बोलता?"

"मैं क्या बोलेगा, अर्बाब? फर्मा बोल रहा है ना." सुफियान मुकादमने धुळीने पांढरे झालेले हात पाठीमागे बांधले. मग जनार्दनांकडे वळून मराठीत म्हणाला, "चहा सांगू, साहेब? घसा कोरडा पडला असेल. सकाळपासून माझीच तर मापं काढताय."

"नको."

"साखर नाही घालायचो. लक्षात आहे माझ्या."

जनार्दनांनी फर्म्यावरची धूळ झटकली. सूर बंदराच्या खाडीलगतचं हे यार्ड त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी अर्ध्या बांधलेल्या गलबताच्या फासळ्या आभाळात उभ्या होत्या, आणि लाकडावर पडणारे घण इतके संथ होते की दोन घावांमध्ये माणसाला आपलं वय आठवावं. इकडे शेडमध्ये रेझिनचा तो उग्र, गोडसर वास. मस्कतजवळच्या बारका गावातल्या त्यांच्या शेडमध्येही हाच वास होता. वासावर कुणाची मालकी नसते.

या देशात सुट्या भागांतून जोडायच्या गाड्यांचे संच बनवणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फायबरची बॉडी, नळ्यांची चौकट, दोन बैठकी. इंजिन आणि चाकं गिऱ्हाइकानं एखाद्या जुन्या गाडीतून आणायची आणि आपल्या अंगणात जोडणी करायची. धंदा चिमुकला, म्हणूनच वैरं मोठी. एकानं बनवलेल्या बॉडीवर दुसऱ्यानं मेण फासून, वर फायबर चढवून छाप उचलली की वर्षाची मेहनत एका सुटीच्या दिवसात चोरीला जाते. अखेर सगळ्यांनी मिळून क्लबमध्ये नियम केला: नक्कल सिद्ध झाली तर नकलेचा साचा फोडायचा, आणि हातोडा ज्याचं चोरलं गेलं त्याच्या हातात द्यायचा.

तो हातोडा रय्यानच्या गाडीत मागच्या बाजूला होता. मस्कतहून येताना प्रत्येक वळणावर तो दारावर आपटत होता आणि जनार्दन प्रत्येक वेळी तो आवाज ऐकत होते. बायको, शीला, गेल्यानंतर त्यांनी आणखी कशाची वाट पाहिली असेल, तर या वजनाची.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पातून निवृत्त झाल्यावर पुण्याला न परतता ते मस्कतमधल्या दार्सैतच्या त्याच घरात राहिले, ते या गाडीपायी. चौकट त्यांची, आकडेमोड त्यांची. पण अंग शीलानं दिलं होतं. ती पेणची. गणपतीच्या कारखान्यातली लेक. शाडूच्या मातीला पोट आणि सोंड देत वाढलेली. मंडळाची मूर्ती ती दर वर्षी दार्सैतमधल्या आपल्या गच्चीवरच घडवायची. बॉडीचा मूळ नमुना, ज्याला कारागीर पॅटर्न म्हणतात, तोही तिनं तसाच घडवला: लाकूड, प्लास्टर आणि पुट्टी यांच्यावरून डोळे मिटून हाताची मागची बाजू फिरवत. "तळवा खोटं बोलतो," ती म्हणायची, "तो चेपतो. पाठ नुसतं ऐकते." गाडीचं नाव तिनंच ठेवलं, साळुंकी.

आणि सुफियान तेव्हा त्यांच्याकडे फायबर चढवायला होता. दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा, होड्यांच्या कामात हात बसलेला. शीला त्याला स्वतःच्या डब्यातलं खायला घालायची. ती मस्कतच्या इस्पितळात शेवटचं अंथरूण धरून होती आणि जनार्दन तिच्या उशाशी बसून असत, तेव्हा एका शुक्रवारी बंद शेडमध्ये त्यानं पहिल्या साळुंकीवरून छाप उचलली. पुढच्या थंडीत सूरहून 'नखुदा' नावाची गाडी निघाली. जनार्दनांनी ती रस्त्यात दुरून पाहिली आणि पाहताक्षणी ओळखली. ती चोरी होती. पण त्याहून जिव्हारी लागले, ती ज्या दिवसांत झाली ते दिवस.

"आता बाजूचा काठ," रय्यान म्हणाला. "फिर खलास."

बैठकीलगतच्या उजव्या काठावर फर्मा बसला. जनार्दन वळसा घालून डावीकडे आले, उजवीकडचाच फर्मा उलटा करून त्यांनी काठावर ठेवला आणि तो डुगडुगला.

त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा डुगडुगला. काठ मधोमध फुगला होता, आणि फुगवट्याच्या माथ्यावर किंचित खोलगट होता.

"लेफ्ट नॉट सेम," रय्यान म्हणाला. त्याच्या आवाजात निराशा होती की सुटका, ते कळण्यासारखं नव्हतं. "आगाशे साब, ये क्या?"

सुफियान खाली पाहत होता. या फरकामागचं कारण तिथं फक्त जनार्दनांना ठाऊक होतं.

फरक नव्हताच. पहिल्या साळुंकीचा डावा काठ असाच होता. त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्या पहिल्या गाडीला टेकून उभी असलेली शीला होती, आणि तिच्या कमरेशी तो फुगवटा स्पष्ट दिसत होता. एवढ्यासाठीच तर तो फोटो त्यांनी शोधून ठेवला होता. ती गाडी सलालाहला विकली गेली होती आणि तिथल्या घाटात कोसळून तिचा चुरा झाला होता. पुरावा म्हणून उरला होता तो एवढाच. फोटो दाखवायचा, सांगायचं की डावी बाजू आपण मागाहून सरळ केली, आणि हातोडा मागायचा.

"शीला, डावी बाजू जास्त भरली आहे," असं ते तिला तेव्हाही म्हणाले होते.

"असू दे हो."

"असू दे कसं? गाडी आहे ही. दोन्ही बाजू सारख्या नकोत?"

"तुमचे तरी दोन्ही खांदे सारखे आहेत का?" ती हसली होती. नक्कल होईल म्हणून ते चिडचिड करायचे तेव्हाही अशीच हसायची. पेणला म्हणे दर वर्षी हेच चाले. एका कारखान्याची नवी मूर्ती पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या फळीवर. तिचे वडील ती पाहून यायचे आणि जेवायला बसता बसता म्हणायचे, आपली लेक बरी दिसते हो त्यांच्या घरी.

तेराव्यानंतर जनार्दन शेडमध्ये गेले. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि पॅटर्नचा डावा काठ घासायला सुरुवात केली. उजव्यावरून फर्मा कापला, डाव्यावर ठेवला, घासलं, पुन्हा ठेवला. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तेव्हा त्यांनी नवा साचा काढला आणि जुना मोडून टाकला. खाली पडलेली पांढरी धूळ झाडून गोणीत भरली आणि गोणी कचऱ्यात दिली. त्या दिवशी त्यांना, कितीतरी दिवसांनी, बरं वाटलं होतं.

"बसून बघा ना, साहेब," सुफियान म्हणाला. गप्पांचा ओघ नको तिथं अडला की माणूस काहीतरी बोलतो, तसं. "गिऱ्हाईक एकदा बसलं की उठायला मागत नाही. का, ते मलाही नाही समजत."

जनार्दन आत उतरले ते काठाचं आतलं माप घेण्यासाठी. टेप उजव्या हातात होती. स्टिअरिंगमागे बसताना त्यांनी डावा हात मुद्दाम कुठं ठेवला नाही. तो गेला. कोपर त्या खोलगट माथ्यावर जाऊन टेकलं, मनगट आपसूक खाली ओघळलं, आणि कित्येक वर्षं दुखणारा त्यांचा डावा खांदा, ज्याच्याबद्दल ते कुणाशीही बोलत नसत, सैल सुटला.

"बसा हो जरा इथं," ती म्हणायची. पॅटर्नच्या पोकळीत रेझिनचं रिकामं पिंप उलटं घालून तिनं त्यांना कितीतरी संध्याकाळी बसवलं होतं. "बोला काहीतरी. एकटीला कंटाळा येतो."

ते बोलायचे. कार्यालयातली जुनी भांडणं, पुण्यातल्या भावाचं बांधकाम. ती ऐकत ऐकत पुट्टी थापायची. मधूनच, "कोपर उचला. हं, ठेवा. परत उचला."

"मी काय बाहुला आहे?"

"बाहुला असता तर इतके बोलला नसतात."

तिला सोबत हवी असते, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीवर त्यांनी तिच्यामागची इतकी वर्षं काढली होती. या देशात चालवणारा डावीकडे बसतो. आणि चालवणारा कोण असणार, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

खाडीवरून वारा आला. भिंतीपलीकडे घण पडला, आणि दुसरा पडेपर्यंत फार वेळ गेला.

"आगाशे साब?" रय्यान गाडीजवळ वाकला. "आप बोला था ना, पुराना फोटो है? दिखाओ. मैं कमिटी को भेजेगा, फिर यल्ला, हथौडा लाता."

जनार्दनांचा उजवा हात खिशाकडे गेला. मोबाइल त्यांना कापडावरून जाणवला. त्यांनी तो बाहेर काढला नाही. शेडच्या टोकाला, ताडपत्रीखाली, साच्याचा आकार दिसत होता.

"ज़रूरत नहीं," ते म्हणाले. "सेम नहीं है."

"लेकिन बाकी सब..."

"बाकी सब तो हर गाडी का मिलता है. ये किनारा देखो. मेरी गाडी में ऐसा किनारा नहीं है."

"पक्का?"

"घर आके देख लो. नहीं है."

रय्यान त्यांच्याकडे पाहत राहिला. इतक्या लांब येऊन, इतकी मापं काढून, म्हातारा असा का बोलतो हे त्याला उमगलं नाही. पण वडीलधाऱ्या माणसाला दोनदा विचारू नये, एवढं त्याला घरी शिकवलेलं होतं. "खलास," तो म्हणाला. "मैं गाडी में बैठता. एसी चालू करता." त्याची पावलं वाळूवरून दूर गेली.

सुफियान मात्र जागचा हलला नाही.

"फोटो मला माहीत आहे, साहेब," तो हळू म्हणाला. "मीच काढला होता तो. भाभी म्हणाल्या, सुफियान, नाकावर रंग दिसतोय माझ्या, तेवढा येऊ देऊ नको."

जनार्दन समोर पाहत होते.

"मला वाटलं, आज खेळ संपला. लायक होतो मी त्याला." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "आता एक करतो. हा डावा काठ घासून टाकतो. नाहीतरी गिऱ्हाईक विचारतं, वाकडा का म्हणून. नवा साचा काढीन, दोन्ही बाजू सारख्या. वरचं नाकही बदलतो. मग तुमच्या गाडीशी काही संबंध राहणार नाही. कुणी तुम्हाला बोट..."

"नको!"

आवाज इतका मोठा निघाला की भिंतीपलीकडचा घण थबकला.

"नको घासूस," जनार्दन म्हणाले. आता आवाज नेहमीचा होता, फक्त त्यातली धार कुठंतरी गळून पडली होती. "नाक बदल. रंग बदल. काय वाटेल ते कर. हा काठ असाच राहू दे."

सुफियाननं काठाकडे पाहिलं. मग त्यावर विसावलेल्या कोपराकडे. तो होडीवाल्यांच्या घरातला होता. लाकूड माणसाला घडवतं की माणूस लाकडाला, हे वाद त्यानं लहानपणी ऐकले होते. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"तुमच्याकडे..." तो म्हणाला आणि थांबला. "तुमच्या साच्यात हा नाहीच का आता?"

जनार्दनांनी मान हलवली. नाही.

"कुणी काढला?"

जनार्दनांनी उजव्या हातातली टेप गुंडाळून मिटली, आणि ती मिटताना आत सरकलेल्या पत्र्याचा सळसळता आवाज दोघांनीही ऐकला.

"या खुदा," सुफियान पुटपुटला. तो शेडच्या टोकाला गेला. त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली, साच्याच्या कडेला हात घातला, जणू एकटाच उचलणार होता. "घेऊन जा, साहेब. आत्ताच्या आत्ता. पिकअप माझी आहे, मी स्वतः बारकाच्या शेडवर पोचवतो. माझं नव्हतंच ते कधी. तुमचं तुमच्या घरी जाऊ दे."

ताडपत्री वाऱ्यानं फडफडली. आतला गुळगुळीत, उलटा आकार उजेडात आला. फुगवट्याच्या जागी तिथं खळगा होता, आणि खोलगटाच्या जागी हलका उंचवटा.

जनार्दनांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"नको, सुफियान. माझ्या हाती नको देऊस."

सुफियानचे हात कडेवरच राहिले. मग त्यानं ताडपत्री पुन्हा ओढली आणि दोरीची गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली.

फाटकाबाहेरून रय्यानचा हॉर्न ऐकू आला. मस्कत लांब होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"साहेब," सुफियान म्हणाला, "बोलावताहेत."

"आलो," जनार्दन म्हणाले. पण इतकं हळू, की ते फाटकापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि काठावरचं कोपर जरासुद्धा हललं नाही.